पाळकसाहेब चुकले, मग माझा बाप्तिस्माही खोटा का?

"ज्यांनी देव दाखवला तेच खोटे निघाले. मग देव तरी खरा कशावरून?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी तरुण संघातला मुलगा विचारतो, कधी निवृत्त शिक्षिका. मी समुपदेशनाचं काम प्रामुख्याने ख्रिस्ती कुटुंबांबरोबर करते, त्यामुळे पाळक (चर्चचे धर्मगुरू), पंच कमिटी (चर्चचा कारभार पाहणारी), दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) हे शब्द माझ्या खोलीत रोजचेच. पण एखाद्या गुरूंवर, महाराजांवर जीव टाकलेल्या माणसांनीही हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत विचारलेला आहे. आज एका ताईंची हकीकत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या. माहेर नगर जिल्ह्यातलं, आजोबांपासून ख्रिस्ती घराणं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवू लागल्या, आणि जवळच्या एका स्वतंत्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागल्या. तिथल्या पाळकांनीच त्यांना नदीवर बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, दिला. मुलगी डेंग्यूने अत्यवस्थ होती तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसून प्रार्थना केली ती याच पाळकांनी. पुढे मुलीचं लग्नही त्यांनीच लावलं. मंडळीच्या इमारतीसाठी निधी गोळा होत होता, त्यात ताईंनी गिरणीच्या गल्ल्यातून वर्षानुवर्षं पैसे घातले, सोन्याच्या दोन बांगड्याही दिल्या. मग कळलं, की त्या निधीतली बरीच रक्कम पाळकांच्या मुलाच्या नावावर घेतलेल्या प्लॉटमध्ये गेली आहे. कमिटीतल्या जुन्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं. "बाहेर बोलू नका, मंडळीचं नाव खराब होईल," एवढंच त्यांचं म्हणणं.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी उपासनेला जाणं सोडलं होतं. रविवारी सकाळी छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. डॉक्टरांनी ईसीजी काढून हृदय ठीक असल्याचं सांगितलं होतं. झोप उडाली होती. गुडघे टेकले की पाळकांचाच आवाज कानात येतो, म्हणून प्रार्थनाही बंद. पिशवीतून त्यांनी आपलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे उघडवतच नाही, मॅडम. तुम्हीच बघा." मी उघडलं. पानापानाच्या कडेला बारीक पेन्सिलीने नोंदी होत्या. तारीख, संदेशाचा (प्रवचनाचा) विषय आणि पुढे "पा. सा." म्हणजे पाळकसाहेब. रोमकरांच्या पत्रात तर छापील ओळींपेक्षा पेन्सिलच जास्त दिसत होती. इतक्या वर्षांत देवाचं वचन आणि या माणसाचं बोलणं एकाच पानावर असं शेजारी शेजारी बसलं होतं, की एकाला झाकायचं तर दुसराही झाकला जात होता.

माझ्याकडे येण्याआधी त्यांना बऱ्याच जणांनी सल्ला दिला होता, आणि तो एकच होता: माफ करा आणि प्रार्थनेत राहा. क्षमा ख्रिस्ती जीवनाच्या मुळाशी आहे, यात मला तिळभर शंका नाही. पण जिथे चुकलेल्या माणसाने चूक कबूल केलेली नाही, पैशाचा हिशेब दिलेला नाही, तिथे दुखावलेल्या बाईला क्षमेची घाई करायला लावणं म्हणजे तिच्या खांद्यावर दुसरं ओझं देणं. त्या घाईत बहुतेक वेळा तिच्या भल्यापेक्षा बाकीच्यांची सोय जास्त असते. म्हणून पहिल्या भेटींमध्ये मी क्षमेचा विषय काढला नाही. राग, लाज, "मी इतकी भोळी कशी" हा स्वतःवरचा संताप, सगळं त्यांना बोलू दिलं. बांगड्या सासूबाईंच्या होत्या, हेही तेव्हाच कळलं.

हळूहळू मूळ भीती पुढे आली. "त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खराच नव्हता का? मुलगी बरी झाली ती कशाने मग?"

हा प्रश्न सोळाशे वर्षांहून जुना आहे. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. पवित्र ग्रंथ जाळायला द्या, असा हुकूम होता, आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्माध्यक्षांनी (बिशपांनी) घाबरून ते दिले. छळ संपल्यावर वाद उभा राहिला, की अशा भेकड माणसांच्या हातून झालेले बाप्तिस्मे आणि दीक्षा खऱ्या मानायच्या का? डोनेटस नावाच्या धर्माध्यक्षाच्या मागे गेलेला पंथ म्हणाला, नाही. त्यावर मंडळी फुटली ती शतकभर फुटलेलीच राहिली. शेवटी ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो धर्माध्यक्ष समोरासमोर बसले. हिप्पोचे धर्माध्यक्ष ऑगस्टीन यांचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच असतो. दगडी पाटातून पाणी बागेत जातं. पाटात काही उगवत नाही, पण बाग तर फळते.

हे सांगितल्यावर ताई बराच वेळ गप्प बसल्या. गिरणीवाल्या असल्या तरी त्या शेतकऱ्याच्या लेक, पाट त्यांना समजावून सांगावा लागला नाही. मुलीच्या आजाराबद्दल मी एवढंच म्हटलं, की त्या रात्री प्रार्थना करणारे पाळक होते, ऐकणारे पाळक नव्हते. आणि दवाखान्यात प्लेटलेट मोजणाऱ्या, सलाइन बदलणाऱ्या नर्ससुद्धा देवाच्याच होत्या.

मग आम्ही बायबलातलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक काढलं. एली याजकाचे (पुरोहिताचे) मुलगे हफनी आणि फिनहास लोकांच्या अर्पणातलं मांस त्रिशूळी काट्याने आधीच उचलून घ्यायचे. बापाला ठाऊक होतं. तो रागावला, पण त्याने त्यांना आवरलं नाही. (कमिटीतले जुने लोक ताईंना इथे लगेच दिसले.) त्याच शिलोच्या मंदिरात हन्ना लेकरासाठी ओठातल्या ओठात रडत प्रार्थना करत होती, आणि एलीला वाटलं, ही प्यायलेली आहे. समोरच्या याजकाला तिची व्यथा कळली नाही. तरी ती ऐकली गेली. तिचा शमुवेल त्याच भ्रष्ट घरात वाढला आणि रात्री त्याला हाक आली ती तिथेच. पुढाऱ्यांचं पाप शास्त्राने कुठे लपवलेलं नाही. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारलं ते लिहिलेलं आहे, अंत्युखियात प्रेषित पौलाने पेत्राला तोंडावर दोष दिला तेही. दावीद राजाचं पाप तर नाथान संदेष्ट्याने राजवाड्यात जाऊन त्याच्या पदरात घातलं.

एवढं होऊनही प्रार्थना परत आली नव्हती. खरा बदल झाला तो एका कोऱ्या पानावरून. मी त्यांना म्हटलं, तुमच्या शास्त्रात पेन्सिलीची खूण नसलेलं एखादं पान शोधा, आपण तिथून वाचू. लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायावर एकही नोंद नव्हती. इतक्या वर्षांत त्यावर संदेश झालाच नव्हता. सुरुवात तीच, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. ताईंना वाटलं आता उपास, जागरण, पांढरे कपडे येणार. पण पुढे आलं ते असं: शेताच्या कडा गरिबासाठी सोडा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. चहाड्या करत फिरू नका. खरा तराजू, खरी वजनं ठेवा.

"हे तर गिरणीचंच आहे," त्या म्हणाल्या.

पवित्रता म्हणजे व्यासपीठावरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचं तेज, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. ते तेज खोटं निघाल्यावर पवित्रताच खोटी वाटली. इथे ती त्यांच्या रोजच्या काट्यावर आली. पुढच्या आठवड्याचं काम त्यांनी स्वतःच ठरवलं. दळण संपल्यावर जात्यात आणि तोटीच्या पिशवीत पीठ राहतं. कुणाचं ते ठरत नाही म्हणून बहुतेक गिरण्यांत ते मालकाचं होतं. ताईंनी प्रत्येक दळणानंतर पिशवी नीट झटकायला सुरुवात केली, आणि तरीही खाली सांडेल ते वेगळ्या डब्यात, शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या कोंबड्यांसाठी. मदतीला येणाऱ्या पोराचा पगार सात-आठ तारखेपर्यंत लांबायचा, तो एक तारखेला. हे करताना प्रार्थना करायची नाही, असं मीच सांगितलं होतं. फक्त करा. काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या, पिशवी झटकताना तोंडातून आपोआप "प्रभू, हे तुला दिसतंय ना" निघालं. पाळकांच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या.

त्याच अध्यायातली १७ वी ओवी मात्र सोपी नव्हती. आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला स्पष्ट बोल, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा तुझ्याकडेही येईल, असा तिचा अर्थ. म्हणजे गप्प बसणं ही सोज्वळता नव्हे. पण ताईंना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेला. हे वाक्य ज्यातलं, ते १०५ वं स्तोत्र आम्ही पूर्ण वाचलं. अब्राहामाचं कुटुंब मूठभर होतं, परक्या मुलखात भटकत होतं, तेव्हा देवाने राजांना दटावलं, की यांना हात लावू नका. ताकदवानांपासून दुबळ्यांना वाचवण्यासाठी दिलेली आज्ञा दुबळ्यांनाच गप्प करायला वापरली जाते, याची मला फार चीड आहे. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर तलवार उगारली नाही, हे खरं. पण गुहेबाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सगळ्यांसमोर त्याला जाब विचारलाच.

आणि पैशाबद्दल तर पौलाने स्वतःलाही सवलत दिली नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात तो सांगतो, की या मोठ्या देणगीच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली आहेत. प्रभूसमोरच नव्हे, माणसांसमोरही व्यवहार चोख हवा. हिशेब मागणाऱ्याला अविश्वासू म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

ताईंनी आणखी दोघींना घेऊन कमिटीला लेखी पत्र दिलं. आरोप नाहीत, फक्त इमारत निधीची जमा, खर्च आणि बँकेतली शिल्लक सभेपुढे ठेवावी, ही मागणी. मंडळीचा नोंदणीकृत न्यास होता. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली अशा न्यासाला हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि न्यासाशी संबंध असलेली व्यक्ती विश्वस्तांविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. पत्रात हे एका ओळीत, नम्रपणे लिहिलं होतं. उत्तर येईपर्यंत ताईंना बरंच ऐकावं लागलं. गिरणीवर येणारी काही कुटुंबं यायची थांबली. नवरा चिडला, मग एके दिवशी तोच सभेला बरोबर गेला.

हिशेब वाचला गेला. पाळकांनी काही रक्कम परत केली, सगळी नाही. राजीनामा दिला आणि दुसऱ्या भागात नवी संगती (उपासनेचा गट) सुरू केली. काही घरं त्यांच्यामागे गेली. ताईंना याचं दुःख आहे. सासूबाईंच्या बांगड्या परत येणार नाहीत, हेही त्यांना माहीत आहे. क्षमेबद्दल त्या मध्यंतरी आपणहून म्हणाल्या, "त्यांचं वाईट व्हावं असं आता वाटत नाही. पण माझ्या घरी त्यांनी प्रार्थनेला यावं असंही वाटत नाही." मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं.

देवावर विश्वास ठेवायचा तर धर्मपुढाऱ्याची प्रत्येक गोष्ट मान्य करायची, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. पंडिता रमाबाईंनी ती मानली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. इकडच्या पुरोहितांचं जोखड फेकून आलेली मी तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहिलं. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांवरून शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. त्यांच्या श्रद्धेत काही उणं पडलं, असं कोण म्हणेल?

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ताईंचं प्रकरण पैशाचं होतं, म्हणून पत्र आणि सभा हा मार्ग होता. पुढाऱ्याने लेकराला किंवा बाईला हात लावला असेल, तर कमिटीची वाट पाहू नका. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्याने माहिती असणाऱ्याला पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. या धक्क्यातून जगणं नकोसं वाटू लागलं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

"मंडळी बदलू का?" हा पुढचा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नव्या मंडळीत जाण्याआधी तिथले संदेश ऐकाच, पण हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचले जातात का, पाळकांना कुणी प्रश्न विचारू शकतं का, आणि विचारल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, एवढं पाहा. ताई त्याच मंडळीत राहिल्या. नव्या पाळकांशी अजून मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि मी तशी घाई केलेली नाही. कमिटीने त्यांना खजिनदार व्हा म्हटलं, ते त्यांनी नाकारलं. मात्र रविवारचं अर्पण तिघांनी मिळून मोजायचं आणि वहीत तिघांच्या सह्या घ्यायच्या, हा ठराव त्यांनी मांडला, आणि तो मंजूर झाला.