फिल्म स्कूलचं पहिलं वर्ष कसं असतं? यूट्यूबवर मिळत नाही असं तिथे काय शिकवतात? (मी दिग्दर्शनाला अर्ज करतोय.)

कंसातलं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मी साउंडची.

शिकवण्यापुरतं विचाराल तर पहिल्या वर्षात यूट्यूबवर नसलेलं फारसं काही नाही. १८० अंशांचा नियम (कॅमेरा पात्रांच्या एकाच बाजूला ठेवायचा), कुलेशोव्हचा निर्विकार चेहरा आणि सूपची वाटी (चेहरा तोच, शेजारचा शॉट बदलला की भाव बदललेला वाटतो), टंगस्टन दिव्याचे ३२०० केल्विन, दिवसाच्या उजेडाचे ५६००, हे सगळं फुकट आहे आणि आमच्या काही सरांपेक्षा बरं समजावलेलं आहे. यूट्यूबवर मिळत नाहीत ती दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं. पहिलं वर्ष त्यांच्याशी भांडण्यात जातं आणि शिकायचं ते त्यातच शिकून होतं.

दिनक्रम म्हणाल तर सकाळी वर्ग, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी स्क्रीनिंग. स्क्रीनिंगला निम्मा वर्ग झोपतो. मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या सिनेमांत मीही झोपलेली आहे. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंड, सगळे सुरुवातीला एकत्रच असतात आणि टर्मच्या शेवटी गट पाडून एक्सरसाइज देतात.

आमच्याकडे कंटिन्युइटीचा, म्हणजे शॉटला शॉट जुळवण्याचा, एक्सरसाइज होता. एक खोली, दोन पात्रं, थोडं बोलणं, शेवटी एकाने निघून जायचं. आमच्या दिग्दर्शकाने (नाव घेत नाही, वाचून कळेलच त्याला) सीन लिहिला होता चांगला. आई भाकरी थापतेय, मुलगा घर सोडून चाललाय, हे तिला आधीच कळलेलं आहे आणि ती फक्त "जेवून जा" एवढंच म्हणते. घर मिळालं नारायण पेठेत, गटातल्या एकाच्या आत्याचं, दुसरा मजला, खिडकी रस्त्यावर. आईच्या कामाला हौशी नाटकात काम करणाऱ्या एक काकू आल्या होत्या.

साउंडवाल्यांचं पहिलं काम म्हणजे फ्रिज बंद करणं. बंद करून स्कूटीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे जाताना तो चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. ते केलं, पंखा बंद केला, खालच्या दुकानदाराला हात जोडून आले. पण पेठच ती! पारवे, कुकरच्या शिट्ट्या, हॉर्न, भंगारवाला. कॅमेऱ्याचं सकाळभर थर्माकोल इकडे लाव, तिकडे लाव चाललं होतं, तेव्हा कुणाला घाई नव्हती. मी म्हटलं, "घंटागाडी जाऊ दे, मग घेऊ." तर दिग्दर्शकाचं उत्तर आलं, "लाइट जातोय. आवाज नंतर बघू."

ही दोन वाक्यं तुम्हीही बोलणार आहात, म्हणून सविस्तर सांगतेय.

घेतला टेक. काकूंनी "जेवून जा" म्हटलं आणि नेमकी त्याच वेळी खालून घंटागाडी गाणं वाजवत गेली. हेडफोन माझ्या कानावर होते, मी हात वर केला, दिग्दर्शक मॉनिटरकडे बघून "ओके" म्हणाला. पॅकअप. रूम टोनसाठी, म्हणजे खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायला, अर्धा मिनिट गप्प बसा म्हटलं, तर वडापावच्या पुड्या सुटल्या.

सगळे सामान उतरवायला खाली गेले तेव्हा मी काकूंना थांबवलं. म्हटलं, "काकू, तेवढंच परत बोलाल का? कॅमेरा नाही, नुसतं बोलायचं." त्या म्हणाल्या, "पीठ उरलंय, खरंच थापते. नुसतं बोलले तर आवाज तसा यायचा नाही." आणि खरंच. भाकरी थापताना प्रत्येक थापेला माणसाचा श्वास जरासा हलतो, बांगड्या एकदा वाजतात, आणि त्या हिसक्यांमधून "जेवून जा" बाहेर येतं. डबिंगच्या खोलीत माइकसमोर उभं राहून हे होत नाही, कितीही मोठी नटी आणा. बूम (दांड्यावरचा माइक) ओट्याच्या काठाशी धरून मी ते वाइल्डमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज, असं घेतलं, मागोमाग रिकाम्या खोलीचा टोन घेतला. मग आम्ही दोघींनी त्या भाकऱ्या ठेच्याबरोबर खाल्ल्या.

एडिटला बसल्यावर दिग्दर्शकाला घंटागाडी ऐकू आली. डबिंगचा स्लॉट पहिल्या वर्षाला मिळत नव्हता. "वरून म्युझिक टाकू," म्हणाला. माझा वाइल्ड ट्रॅक एडिटरने थापेला थाप जुळवत फ्रेम-फ्रेम सरकवून बसवला. स्क्रीनिंगला सर खिडकीतल्या उजेडाबद्दल बोलले, काकूंच्या चेहऱ्याबद्दल बोलले. आवाजाचं नावही नाही. आणि आमचा दिग्दर्शक अजूनही भेटला की चारचौघांत सांगतो, "तो सीन मी एका टेकमध्ये काढला." टेक तुझा होता रे. आवाज त्या टेकमधला नाही.

'आवाज नंतर बघू' म्हणणाऱ्यांना मी 'आलम आरा' सांगते. १९३१ साल, भारतातला पहिला बोलपट, स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ. दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. त्यांनी आवाजासाठी दिवसाची रात्र केली आणि आमच्याच्याने घंटागाडी पुढे जाईपर्यंत थांबवलं नाही. पुढे हिंदी सिनेमाला डबिंगची सवय लागली, ती इतकी की 'लगान' (२००१) सिंक साउंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज घेऊन, केला तर तेवढ्याचंही अप्रूप झालं. रसूल पुकुट्टींना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या आवाजासाठी ऑस्कर मिळालं तेव्हा ते पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचे, साउंडचे, हे सगळीकडे छापून आलं. त्यानंतर आमच्या मामांना साउंड नावाचा कोर्स असतो हे कळलं. त्याआधी मी "डीजेचं शिकते" असं ते सांगायचे.

तर तुम्ही जा. पण पहिल्या वर्षात निदान एकदा दुसऱ्याच्या एक्सरसाइजवर बूम धरा, पूर्ण दिवस, हात वर करून. आणि सेटवर एक हेडफोन स्वतःच्या कानाला लावा. मॉनिटर बघायला कॅमेरामन आहे.

आता राहिलेलं. मी सांगितलं ते माझ्या संस्थेचं, तिचं नाव लिहीत नाही. खासगी ठिकाणी वेळापत्रक आणि फी दोन्ही वेगळी, ती आधी घरच्यांसमोर मांडा. एफटीआयआय किंवा कोलकात्याच्या एसआरएफटीआयचा तीन वर्षांचा दिग्दर्शनाचा कोर्स हवा असेल तर आधी पदवी लागते, बारावीवर होत नाही. आणि सगळेच दिग्दर्शक असे नसतात, माझ्या बॅचला एक जण फार समजूतदार होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

आमचा तो दिग्दर्शक हे वाचत असेल तर मूळ फाइल अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे. घरी ये, चांगल्या हेडफोनवर ऐकवते.