हक्कसोडपत्र, राखी आणि एपिक्टेटस

प्रश्न : माझं माहेर जुनी शुक्रवारीत. वडिलांनी नोकरीत असताना स्वतःच्या पैशानं बांधलेलं दुमजली घर आहे. ते गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. आई भावाजवळ असते. भावंडं आम्ही दोघंच. भावाला आता घर बिल्डरला द्यायचंय. राखीला गेले, तर जेवणं झाल्यावर त्यानं हक्कसोडपत्र पुढं केलं आणि वहिनीनं त्यावर साडी ठेवली. ‘आपल्यात बहिणी हिस्सा घेत नाहीत,’ म्हणाला. मी ‘घरी विचारून सांगते’ म्हणून निघाले. यजमान म्हणतात, करून टाक सही, नातं तरी टिकेल. मोबाईलवर एपिक्टेटस नावाच्या तत्त्वज्ञाचा सुविचार आला होता : जे आपल्या हातात नाही त्याची आस सोडा. गीताही तेच सांगते ना? मग सही करून मोकळी का होत नाही मी? रात्र रात्र झोप येत नाही.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, साडी घरी आणली की तिथंच ठेवली, ते तुम्ही लिहिलं नाही. मला उगाच त्याचीच उत्सुकता लागून राहिली.

आधी तुमचा सुविचार. एपिक्टेटस पहिल्या शतकात रोममध्ये गुलाम होता, पायानं अधू. पुढं सुटका झाली, निकोपोलिसला शिकवू लागला. एरियन नावाच्या शिष्यानं त्याचं बोलणं टिपून ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. काही गोष्टी आपल्या अधीन असतात, काही नसतात, अशी त्यातल्या छोट्या पुस्तिकेची सुरुवातच आहे. मालमत्ता तो ‘नसतात’मध्ये टाकतो, हे खरं. पण आपल्या अधीन काय, हेही त्यानं सांगितलंय : आपलं मत, आपली इच्छा, आपला नकार, म्हणजे जे आपण स्वतः करतो ते सगळं. घर राहील की पडेल हे तुमच्या हातात नसेल. सही तुमच्या हातात आहे. तुम्हाला सुविचार पाठवणाऱ्यानं अर्धाच पाठवला.

यजमानांच्या बाजूनंही त्याच पुस्तिकेत एक जागा सापडते, ती लपवत नाही. प्रत्येक गोष्टीला भांड्यासारखे दोन कान असतात, एकाला धरून ती उचलता येते, दुसऱ्याला धरून येत नाही, असं तो म्हणतो आणि उदाहरण नेमकं भावाचंच देतो. भाऊ अन्यायानं वागला तर त्या अन्यायाच्या बाजूनं धरू नका, तो भाऊ आहे, बरोबर वाढलाय, या बाजूनं धरा. मला हे पटतं. मात्र भाऊ म्हणून धरणं म्हणजे तो ठेवील त्या कागदावर सही करणं, असं एपिक्टेटस कुठंच म्हणत नाही. भाऊ म्हणून धरलं की ओरडाआरडा होत नाही, चार नातेवाइकांत त्याची बदनामी होत नाही, आणि ‘दादा, हे मला जेवणाच्या आधी का नाही सांगितलंस?’ असं विचारता येतं.

आता गीता. लोक दुसऱ्या अध्यायातल्या एका श्लोकावर थांबतात. तुम्ही अठराव्यात जा. तिथं त्यागाचे तीन प्रकार केलेत. आठवा श्लोक म्हणतो, हे दुःखाचंच आहे म्हणून, शरीराला त्रास होईल या भीतीनं जो कर्म सोडतो, त्याचा त्याग राजस. त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. श्लोक कर्माविषयी आहे, घराच्या हिश्शाविषयी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ‘नको बाप्पा ते झंझट’ म्हणून केलेली सही कुठं बसते, ते तुम्हीच ठरवा.

तो कागद एकदा नीट वाचा. अशा कागदांत बहुतेक ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ अशा अर्थाचं वाक्य असतंच. भावाला तुमचा हिस्सा हवाय, आणि तो तुम्ही आनंदानं दिला असं तुमच्याच सहीचं प्रमाणपत्रही हवंय. मला वाटतं, तुमची झोप हिश्शावरून गेलेली नाही. ती या वाक्यावरून गेलीय.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघतो तेव्हा मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी बायकांत वाटणी करू म्हणतो. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनानं भरून मला मिळाली तर मी अमर होईन का? नाही, तो म्हणतो, श्रीमंत माणसं जगतात तशी जगशील. मग ज्यानं मी अमर होत नाही ते घेऊन काय करू, हे तिचं उत्तर. वर्गात हा भाग शिकवला की मुलं मैत्रेयीच्या वैराग्याचं कौतुक करत. मी म्हणायची, अगोदर क्रम पाहा. वाटणी समोर ठेवली गेली, तिनं प्रश्न विचारला, खरं उत्तर मिळालं, आणि मग तिनं नाही म्हटलं. तुमच्यासमोर वाटणी कोणी ठेवली? तुमच्यासमोर साडी ठेवली.

भावानं आधी मानलं पाहिजे की हिस्सा आहे. मानल्यावर तुम्ही तो सगळा सोडलात, अर्धा सोडलात, आईवडिलांचं त्यानं केलं म्हणून त्याला जास्त दिलात, तरी मी शब्द बोलणार नाही. आजाऱ्याचं उठवणं-बसवणं फुकट नसतं, त्याची किंमत धरायलाच हवी. पण ‘आपल्यात घेत नाहीत’ हे काही देण्याघेण्याचं बोलणं नव्हे.

कायद्याचं थोडक्यात. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी बायको, मुलगा, मुलगी सारखेच वारस, हे 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. 2005ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित मिळकतीसाठी, वारस ठरायला तुम्हाला ती लागतही नाही. मुलीच्या हिश्शासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या बाबासाहेबांनी ते रखडलं म्हणून 1951मध्ये मंत्रिपद सोडलं, तेही आपल्या दीक्षाभूमीच्या गावानं विसरू नये.

आणि वरची यादी पुन्हा वाचा. बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकी एक तृतीयांश. तुमच्या अख्ख्या पत्रात आईचा हिस्सा कुठंच नाही! भावाच्या बोलण्यात नाही, यजमानांच्या नाही, तुमच्याही नाही. घर बिल्डरकडे गेल्यावर आई कुठं राहील, नव्या फ्लॅटवर तिचं नाव असेल का, तिच्यापुढंही असाच कागद ठेवलाय का? हे विचारणं तुमच्याकडे मुलगी म्हणून येतं, आणि ते सोडायची मुभा ना एपिक्टेटस देतो ना गीता.

तेव्हा आज सही नको. घराच्या आखीव पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाची, नक्कल काढा, आता कोणाकोणाची नावं चढलीत ते पाहा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून फिरवणं फार जड जातं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं बाईमाणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कागद दाखवा. मग एक दिवस जा आणि आईसमोर बोला. यजमान बरोबर असले तर उत्तम, पण बोलायचं तुम्ही.

प्रश्न : मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. डॉक्टर आत असताना ‘बाहेर गेलेत’ म्हणून सांगायला लावतात. हे पाप माझं की त्यांचं?
— एक वाचक, अजनी

उत्तर : कांट या जर्मन तत्त्वज्ञाला विचाराल तर बोलणाऱ्याचं. दारात खुनी येऊन तुमचा मित्र कुठं लपलाय असं विचारू लागला तरी खोटं बोलू नका, असं त्यानं 1797च्या एका निबंधात लिहिलं. एवढं मला झेपत नाही, खुन्याला मी बिनदिक्कत खोटं सांगेन. तुमच्या दारात मात्र पेशंट आहे, आणि तो भर उन्हात काटोल-उमरेडहून एसटीनं आला असेल. ‘बाहेर गेलेत’ ऐकलं तर तो वाट पाहत बसेल. ‘आता भेटणार नाहीत, पाचला या’ ऐकलं तर सावलीत जाऊन दोन घास खाऊन येईल. खरं सगळं सांगा असं कांटही म्हणत नाही, जे सांगाल ते खोटं नको एवढंच. डॉक्टरसाहेबांना म्हणा, दुपारच्या वेळेची पाटी लावू. पाटीचे पैसे दवाखान्याकडून घ्या, स्वतःचे घालू नका.