जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला कोणत्या महिन्यात जावं? मे महिन्याच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन गेलं तर चालेल का?

मे महिन्यात? अजिबात नको. तिथे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतोच, पंचेचाळीसही गाठतो. राजस्थानातल्याच फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले होते. वर लू आणि आंधी. सकाळी नऊनंतर मुलांना जीपमधून खाली उतरवायची सोय नाही. पार्कालगतच्या सम गावचे बहुतेक तंबूवालेही तोवर गाशा गुंडाळून गेलेले असतात.

पण उन्हाळ्याचं सगळ्यांना कळतं. आपल्याकडच्या माणसाला पटत नाही ती तिथली थंडी. आमच्या थोरल्या साडूभाऊंना तर नाहीच पटली. डिसेंबरअखेरीस दोन्ही घरं मिळून निघालो होतो. मी ग्रुपवर यादी टाकली: स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे, एक जास्तीची शाल. त्यावर साडूभाऊ म्हणतात, "वाळवंटात चाललोय, मनालीला नाही!" खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. माझ्या बायकोचासुद्धा.

तिकडे पुण्यापेक्षा उशिरा उजाडतं, डिसेंबर-जानेवारीत साडेसात वाजतात. आम्ही अंधारातच उघड्या जीपमधून पार्कातल्या सुदासरीकडे निघालो. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, वाळूत ओल नाही, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्रीत पार निघून जाते. पहाटे सात-आठ अंश ही नेहमीची गोष्ट, एखादी रात्र शून्याजवळही जाते. त्यात जीपचा वारा. साडूभाऊंच्या अंगात हाफ टी-शर्ट आणि वर कागदासारखं पातळ विंडचीटर. एरवी ड्रायव्हरलाही रस्ता सांगणारा माणूस दहा मिनिटांत गप्प झाला. शेवटी सासूबाईंनी आपली जांभळी, गोंड्याची कानटोपी काढून जावयाच्या डोक्यावर चढवली आणि स्वतः पदर घट्ट गुंडाळून बसल्या. फोटो आहे माझ्याकडे.

पहाटे जायचं कारणही होतं. हवा तापेपर्यंत गिधाडं उडत नाहीत, खेजडीच्या झाडावर पंख मिटून बसलेली असतात, निवांत बघता येतात. चिंकारा दिसले, वाळवंटी कोल्हा दिसला. माळढोक हा दुर्मिळ पक्षी मात्र दिसला नाही. झालं! "चुकीच्या सीझनला नेलंस" हे साडूभाऊंचं वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकतोय.

तर ते इथे एकदाचं मिटवतो. नर माळढोक मान फुगवून नाचतो तो उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, आपल्या सोलापूरच्या नान्नजलाही नाच पावसाळ्यातच बघायला मिळायचा. हे मी निघायच्या आधी सांगितलं होतं. नुसता पक्षी दिसणं हा वेगळा मामला. पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं, आणि पक्षी उरलेत अगदी थोडे. पंधरा किलोपर्यंतचं हे धूड, त्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, आणि वाटेत उच्चदाबाच्या तारा. तारांवर आपटून मरणं बाराही महिने चालू आहे. त्यात माझ्या सीझनचा काय दोष?

मला विचाराल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध. दिवसा ऊन सोसवतं, पहाट बोचत नाही, थंडीचे पाहुणे पक्षी अजून असतात आणि सांडे बिळाबाहेर यायला लागलेले असतात. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा, गवत खाणारा सरडा. ऐन थंडीत तो बिळाचं तोंड मातीने बंद करून आत झोपतो, म्हणजे डिसेंबरवाल्यांना तोही नाही. मुलांना माळढोकापेक्षा तोच जास्त आवडेल. शाळा बुडेल, बुडू दे.

ते जमत नसेल तर दिवाळीनंतरचा नोव्हेंबर. दिवाळी ऑक्टोबरात आली तर दुपारी अजून चांगलंच तापतं, हे लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीही वाईट नाही, फक्त दुपारी टी-शर्ट आणि पहाटे स्वेटर अशी दोन्ही तयारी हवी. कोणाला दमा असेल तर पहाटेची उघडी जीप टाळा. सुदासरीच्या परवानगीचं जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयात आदल्या दिवशीच विचारून घ्या, तंबूवाल्याच्या "हो जाएगा साब"वर विसंबू नका. आणि बरोबर कोणी साडूभाऊ असतील तर त्यांच्यासाठी एक कानटोपी तुमच्या बॅगेत असू द्या, मागायची नाहीत ते.