कॅनडात दवाखाना फुकट, अमेरिकेत दिवाळं, मग आपल्याकडे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बहीण कॅनडाला जातेय, तिथे दवाखाना फुकट असतो आणि अमेरिकेत बिलापायी लोकांचं दिवाळं निघतं हे खरं का, आपल्याकडे यातली कुठली पद्धत आहे, सगळ्यात चांगली कुणाची, आणि इथे राहणाऱ्या आई-वडिलांचं काय करायचं.

मी नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्कला बसतो. म्हणजे कॅशलेसचे कागद, प्री-ऑथ (उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी), टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या) क्वेऱ्या, आणि डिस्चार्ज सकाळी सांगूनही अप्रूव्हल संध्याकाळपर्यंत येत नाही तेव्हा पेशंटच्या मुलाच्या शिव्या खाणं, हे माझं काम. डॉक्टर नाही, अर्थशास्त्रवाला तर अजिबातच नाही. पण एकाच खिडकीवर ईएसआयवाला (कामगारांचा सरकारी विमा), मिलिटरीवाला, मेडिक्लेमवाला आणि गाय विकून रोख घेऊन आलेला असे सगळे लागोपाठ येतात ना, त्यामुळे बाकीचे देश हे कसं निभावतात ते वाचायचा नाद लागला. माझ्या मते फुकट की विकत हा प्रश्नच बाजूला ठेवा. दोनच गोष्टी विचारा, एक म्हणजे पैसे आजारी पडायच्या आधी घेतात की बिलाच्या खिडकीवर, आणि दुसरी म्हणजे भाव कोण ठरवतं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि सगळी गोम तिथेच आहे.

बहिणीच्या कॅनडापासून सुरू करू (आमच्या नाशिकलाही कॅनडा कॉर्नर नावाचा भाग आहे, तिथे दवाखाने रग्गड, फुकट एकही नाही). तिथे सगळ्या देशाची मिळून एक योजना नाहीये, प्रत्येक प्रांताची आपापली आहे. सुरुवात सस्कॅचेवान नावाच्या शेतकरी प्रांताने केली, १९४७ ला हॉस्पिटलचा खर्च आणि १९६२ ला डॉक्टरची फी सरकारने उचलली, आणि तेव्हा तिथले डॉक्टर चक्क तीन आठवडे संपावर गेले होते. पुढे हे देशभर पसरलं आणि १९८४ च्या कायद्याने डॉक्टरने पेशंटकडून वरचे पैसे घ्यायचे नाहीत असं पक्कं झालं. तरी तिथले बहुतेक डॉक्टर काही सरकारी नोकर नाहीत, स्वतःचा दवाखाना चालवतात, फक्त बिल पेशंटला न देता प्रांताला पाठवतात. आता बहिणीला सांगायची गोष्ट ही की काही प्रांतांत नव्या माणसाला पहिले दोन-तीन महिने सरकारी कव्हरच नसतं, तेवढ्यापुरती खाजगी पॉलिसी घेऊन जायची. आणि हॉस्पिटलबाहेरची औषधं, दात, चष्मा हे बहुतेकांना कंपनीच्या इन्शुरन्समधून नाहीतर खिशातून करावं लागतं, म्हणून नोकरी घेताना पगारासोबत हेही विचारायचं. फॅमिली डॉक्टर मिळायलाच लोक नावं लावून बसतात. गुडघा बदलायला सरकारनेच २६ आठवड्यांचं टार्गेट ठेवलंय आणि तेही अनेकांच्या बाबतीत पाळलं जात नाही. आपल्याकडे पैसे असतील तर आज दाखवा, परवा गुडघा. पैसे नसतील तर मग रांगेचा प्रश्नच येत नाही, लंगडत बसायचं.

इंग्लंडचं एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झालं, पैसा टॅक्समधून, हॉस्पिटलं सरकारची, पेशंटसाठी बिलाची खिडकीच नाही. रांग मात्र तिथेही मोठी. आणि आपली पोरं शिकायला जातात त्यांच्याकडून व्हिसाबरोबरच आरोग्याचा सरचार्ज आधी वसूल करतात, २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड आणि नोकरीवाल्याला १,०३५. नाशिकमध्ये याच्या जवळचं काही बघायचं असेल तर देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल, जवानाच्या घरच्यांनी कधी डिपॉझिट हा शब्द ऐकलेला नसतो.

जर्मनीचं जरा सविस्तर लिहितो कारण ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जवळचं आहे. १८८३ मध्ये तिथला चॅन्सलर बिस्मार्क याने कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला, तेव्हा दोन हिस्से कामगाराचे आणि एक मालकाचा. आज पगाराच्या १४.६ टक्के कापतात, अर्धे कामगाराचे अर्धे कंपनीचे, वर थोडी जादा वर्गणी, आणि ते पैसे सरकारी तिजोरीत न जाता क्रांकनकासं नावाच्या विमा फंडांकडे जातात. असे फंड शंभराच्या आत आहेत, आवडेल तो निवडा. न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. बस.

आता नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कामगाराची पगार स्लिप काढा. त्यावर ईएसआयची कपात दिसेल, कामगाराचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५, म्हणजे १८,००० पगार असेल तर त्याचे १३५ आणि कंपनीचे ५८५. हे डिझाइन जर्मनीचंच आहे हो, मूळ कायदा १९४८ चा, बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील त्यात येतात, ऑपरेशनला वरची लिमिट नाही. मग लोक जर्मनीचं कौतुक करतात आणि ईएसआयचं नाव काढलं की तोंड वाकडं का करतात? डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, औषधाला उद्या या, हे सगळं आहेच. पण मला जास्त डाचतं ते वेगळंच. २०१७ पासून ईएसआयला २१,००० ची पगारमर्यादा आहे. जर्मनीत पगार ठराविक आकड्याच्या वर गेला (२०२५ ला ७३,८०० युरो वर्षाला) तर तुम्हाला खाजगी विम्यात जायची मुभा मिळते, कुणी हाकलत नाही. आपल्याकडे २१,००० ओलांडले की चालू सहामाही संपल्यावर तुम्ही बाहेर. म्हणजे जो थोडा जास्त भरू शकतो त्यालाच आपण फंडातून काढतो आणि फंडात फक्त सगळ्यात कमी पगारवाले ठेवतो, मग तो फंड चांगला चालावा म्हणून ओरडणार कोण?

अंबडच्या एका कंपनीतला सीएनसी ऑपरेटर मागे माझ्या टेबलासमोर होता, इन्क्रिमेंट झालं, ईएसआय सुटलं, कंपनीने ग्रुप पॉलिसी दिली पण त्यात तो, बायको आणि पोरं एवढेच. वडिलांच्या अँजिओग्राफीत ब्लॉक निघालेले. तो मला इन्क्रिमेंट लेटर दाखवत होता, जणू त्यावर मी काही करू शकतो. त्याच्याकडे रेशन कार्ड आहे का विचारलं तर केशरी निघालं, मग त्याला महात्मा फुले योजनेत (रेशन कार्डावर हॉस्पिटलचा खर्च उचलणारी राज्य सरकारची योजना) असलेल्या दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवलं, आमचं त्या यादीत नाही. तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, कार्ड आणि आधार द्या म्हटलं, झालं काम.

ही फुले योजना म्हणजे पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. धुळ्याला २०१२ च्या पहिल्या टप्प्यात आली, नाशिकला २०१३ ला, आणि २०१७ ला नाव बदललं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, २०२३ च्या निर्णयाने ५ लाख आणि पांढऱ्या कार्डासकट सगळी रेशन कार्डं त्यात घेतली. कागदावर हे बऱ्याच श्रीमंत देशांना लाजवेल असं आहे. अडचण अशी की योजना ॲडमिट झाल्यावर सुरू होते. शुगर-बीपीच्या गोळ्या, दर तीन महिन्याच्या तपासण्या, फॅमिली डॉक्टरची फी हे सगळं बाहेर, आणि घरं पोखरतात ती याच खर्चाने. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला असं सरकारी हिशोब सांगतो, सुधारणा आहे, नाही कोण म्हणतो, पण अजूनही दर शंभरातले जवळपास चाळीस रुपये खिडकीवर मोजले जातात.

आता अमेरिका. दिवाळं निघतं हे खरं आहे आणि गंमत म्हणजे पॉलिसी असलेल्यांचंही निघतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, मग कंपन्यांनी माणसं धरून ठेवायला आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली आणि ती तात्पुरती सोय तिथली मुख्य व्यवस्था होऊन बसली. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड १९६५ ला आलं, आधीच्या आजारावरून विमा नाकारायचा नाही हा नियम ओबामांच्या २०१० च्या कायद्याने आणला. तरीही वर्षाचे पहिले हजार-दोन हजार डॉलर आपण भरायचे, मग विमा कंपनीच्या नेटवर्कमधला डॉक्टर शोधायचा, मग तिचीच परवानगी घ्यायची. देशाच्या उत्पन्नाच्या १७ टक्क्यांवर पैसा आरोग्यावर जातो आणि तरी काही कोटी लोक बिनविम्याचे. तिथे एकाच हॉस्पिटलात एकाच ऑपरेशनचा भाव तुमचा विमा कुठला यावर बदलतो.

ओळखीचं वाटतंय ना? आपला मेडिक्लेम याच घराण्यातला. तीन लाखाची पॉलिसी, रूमची लिमिट एक टक्का म्हणजे दिवसाला ३,०००, आणि घरच्यांनी हौसेने ५,००० ची रूम घेतली, तर लोकांना वाटतं फरकाचे दिवसाचे २,००० भरू. तसं नसतं. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट हे सगळंच ६० टक्क्यांवर येतं, म्हणजे यांचं १,२०,००० असेल तर कंपनी ७२,००० देणार आणि ४८,००० तुमच्या अंगावर. औषधं आणि इम्प्लांट यात कापत नाहीत. ग्लोव्हज वगैरे नॉन-पेएबल, म्हणजे विम्यात न मिळणारे, वेगळेच. हे मी ॲडमिशनच्या वेळी घसा कोरडा करून सांगतो, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

भाव कोण ठरवतं म्हटलं ना मी, ते जपानकडे बघितलं की कळतं. तिथे १९६१ पासून सगळ्यांना विमा आहे, हॉस्पिटलं बरीचशी खाजगी, पेशंट हवं त्या डॉक्टरकडे जाऊ शकतो, पण प्रत्येक तपासणी, प्रत्येक टाक्याचा भाव सरकारच्या एका दरपत्रकात लिहिलेला असतो, टोकियोला तोच आणि खेड्यात तोच, दर दोन वर्षांनी सुधारतात. पेशंट साधारण ३० टक्के भरतो, म्हाताऱ्यांना कमी, आणि महिन्याची कमाल मर्यादा असते, त्याच्या वरचं ओझं तुमच्यावर येत नाही.

आपल्याकडे असं होऊच शकत नाही म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. फेब्रुवारी २०१७ ला सरकारने स्टेंटचे (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचे) भाव बांधले, औषधवाला स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०, आधी औषधवाला लाखाच्या वर लावायचे. अँजिओप्लास्टी काही बंद पडल्या नाहीत. आणि मे २०२० ला कोविडमध्ये राज्याने खाजगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के बेडचे दर ठरवले, वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसकट ९,०००. महापालिकेचे ऑडिटर बिलं तपासायला बसायचे. आमच्या क्षेत्रातले लोक अजून त्या दिवसांच्या नावाने बोटं मोडतात, पीपीई किट आणि औषधं त्यातून वगळली होती म्हणून काहींनी तिथून वसुली केली हेही खरं, आणि सगळ्यांना एकच दर लावला की छोट्या हॉस्पिटलला परवडत नाही ही तक्रारही अगदीच खोटी नाही. फुले योजनेच्या पॅकेजबद्दल हॉस्पिटलं हेच म्हणतात, दर कमी आणि पैसे उशिरा, म्हणून यादीतून बाहेर राहतात.

तेव्हा सगळ्यात चांगली कुणाची म्हणाल तर माझं मत जपानला, पण आपण शिकायचं असेल तर थायलंडकडून. त्यांनी २००१-०२ मध्ये ३० बातमध्ये (बात हे तिथलं चलन) उपचार ही योजना आणली तेव्हा ते काही श्रीमंत नव्हते. माणशी ठरलेली रक्कम हॉस्पिटलला आधी द्यायची, ओपीडी आणि गोळ्या त्यातच, आणि सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यापासून करायची. आपण मोठी ऑपरेशनं आधी कव्हर केली आणि गोळ्या राहूनच गेल्या.

आई-वडिलांचं सांगतो. ७० पूर्ण असतील तर उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, कुटुंबातल्या ७० वरच्यांना मिळून ५ लाख, आधारवरचं वय बघतात, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. ते आधी काढा. ७० च्या आतले असतील तर रेशन कार्डावर त्यांचं नाव आहे का आणि आधारशी स्पेलिंग जुळतं का ते बघा, माझ्यासमोर निम्मे लोक इथेच अडकतात. सरकारी दवाखान्यात राज्याने ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत केलेत, त्यामुळे बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी सिव्हिल किंवा जवळचं केंद्र वापरायला लाजू नका. मेडिक्लेम झेपत असेल तर घ्या, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, आधीच्या आजाराला वेटिंग जास्तीत जास्त तीन वर्षं. फॉर्ममध्ये शुगर लपवू नका, एजंट म्हणेल काही होत नाही, तो क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही. आणि रूम रेंटची लिमिट नसलेलीच पॉलिसी बघा, हप्ता थोडा जास्त बसेल तरी.