उलटी झाली म्हणजे पित्तच, असं मीही २० वर्षं धरून बसलो होतो

ताई, तुम्ही लिहिलंय की महिन्यातून चार-पाच वेळा उजवं कानशील ठणकतं, उजेड नको होतो, उलटी झाली की जरा हलकं वाटतं. सासूबाई पित्त म्हणतात, तुम्हाला सायनस वाटतोय, आणि मेडिकलमधनं आणलेल्या गोळ्या आता लागू पडेनात. मी डॉक्टर नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होतो आणि अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा, जुना गिऱ्हाईक आहे, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

आधी पित्ताचं. उलटीनंतर डोकं उतरतं म्हणून आपण पोटाला धरतो. पण मळमळ, उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. झटका सुरू झाला की जठराचं कामच मंदावतं. म्हणून डोकं फुटायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते किंवा उलटीतनं बाहेर येते. तीच गोळी सुरुवातीच्या अर्ध्या तासात घेतली तर फरक पडतो. काही डॉक्टर सोबत मळमळीची गोळी देतात ती याचसाठी.

सायनसचंही तसंच. मायग्रेनमध्ये नाक वाहतं, डोळ्याखाली जड होतं, त्यामुळं फसायला होतं. खरा सायनस सर्दीच्या मागनं येतो, नाकातनं घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, कधी ताप, वास कळत नाही. दर आठवड्याला येऊन दुसऱ्या दिवशी साफ निघून जाणारा सायनस मी तरी बघितलेला नाही.

मायग्रेनचा झटका औषधाविना ४ ते ७२ तास टिकतो, बहुतेकदा एका बाजूला, आणि जिना चढला की वाढतो. ताणाचं डोकं वेगळं. फेटा कुणी करकचून बांधलाय असं दोन्हीकडनं आवळतं, पण माणूस काम रेटतो, उलटी नसते. तिसरा एक प्रकार क्लस्टर. आमच्या यार्डातला एक हमाल रात्री ठरावीक वेळेला उठायचा, एकच डोळा लाल, पाणी गळतंय, तासभर अंगणात येरझाऱ्या. लोक बाहेरचं म्हणाले, अंगारे झाले. शेवटी दवाखान्यात मास्क लावून ऑक्सिजन दिला तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत शांत झाला. मायग्रेनवाला अंधारात पडून राहतो, क्लस्टरवाल्याला एका जागी बसवत नाही, ही माझी ढोबळ खूण.

आता खरं सांगायचंय ते गोळ्यांचं. मेंदूच्या डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत एमआरआय नाही, वही मागितली. म्हटलं, खतावणी लिहिण्यात तर जन्म गेला. कधी सुरू झालं, कुठल्या बाजूला, झोप किती, जेवण कधी, गोळी कुठली, असे रकाने पाडले. महिनाअखेर बेरीज मारली तर गोळी घेतलेले दिवस १८! साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अन् मिश्र गोळ्या (एकीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. मी दुखण्यावर उतारा म्हणून दुखणंच विकत घेत होतो. गोळ्या बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस लई वाईट गेले, तेव्हा हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. मग रोजची प्रतिबंधक गोळी सुरू झाली. मला प्रोप्रॅनोलॉल दिली, दमेकऱ्यांना ती चालत नाही. फरक कळायला दीड-दोन महिने गेले.

वहीनं आणखी एक गंमत दाखवली. रविवारी डोकं दुखायचं त्याचा माझा संशय तांबड्या रश्श्यावर होता. निघालं काय, तर रविवारी नऊला उठायचं, चहा उशिरा, मिसळ अकराला, मटण तीनला. झोप जास्त, चहा चुकलेला, पोट रिकामं. बिचारा रस्सा उगाच बदनाम. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीही तेच. विसर्जन मिरवणुकीतले ते लेसर अन् डीजे मात्र खरे गुन्हेगार, आता मी त्या रात्री महाद्वार रोडला जातच नाही.

तुमच्या वहीत पाळीच्या तारखांचा रकाना ठेवा, बऱ्याच बायकांत त्या दिवसांत झटके वाढतात. आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसत असतील तर गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगा. त्या दोहोंनी मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो.

एवढ्या गोष्टींत मात्र वही बाजूला ठेवायची: मिनिटभरात कळस गाठणारं भयंकर दुखणं, तापासोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी हॉस्पिटल, गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकंही घरगुती उपायांवर ढकलू नका.

या महिन्यात गोळ्या किती दिवस घेतल्या, तेवढा आकडा आधी इथं लिहा. आणि रविवारी नाश्त्याला उशीर होणार असेल तर रोजच्या वेळेला उठून चहासोबत दोन बिस्किटं खाऊन घ्या, सासूबाई काही म्हणणार नाहीत.