फिलरनंतरचा काळानिळा डाग

प्रश्न : परवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन डोळ्यांखाली आणि ओठांत हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर घेतलं. डाव्या डोळ्याखाली जांभळा डाग पडलाय. दहा दिवसांनी भावाचं लग्न, आदल्या दिवशी हळद. तोवर डाग जाईल का? बर्फ किती लावू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : बहुतेक जाईल. फिलर म्हणजे भरीवपणा यावा म्हणून कातडीखाली टोचलेलं जेल. ते टोचताना सुईनं बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्त कातडीखाली साचतं. डोळ्याखालची कातडी पातळ, म्हणून तिथं उठून दिसतं. जांभळा, हिरवट, मग पिवळा होत डाग 7 ते 10 दिवसांत, कधी 14 दिवसांत जिरतो.

बर्फाचं काम आता संपलं. तो पहिले 48 तासच, रुमालात गुंडाळून 10-10 मिनिटं. आता कोमट पाण्यात पिळलेला कपडा दिवसातून तीन-चारदा नुसता टेकवा, चोळू नका. रात्री डोक्याखाली दोन उशा घ्या. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढतो. गोळीच्या पाकिटावरची घटकांची नावं वाचाच, अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत आयब्युप्रोफेन असतंच.

हळदीचं मात्र आधीच सांगून ठेवा. करवली म्हटल्यावर तुम्हाला माखल्याशिवाय कुणी सोडणार नाही, आणि चेहरा जोरात चोळला तर ताजं फिलर जागचं हलू शकतं. दोन आठवडे हळद हातापायांनाच. आपल्याकडच्या उन्हात स्कार्फ आणि सनस्क्रीन हवंच, नाहीतर डाग गेला तरी तपकिरी छटा मागे रेंगाळते. लग्नात थोडं दिसलंच तर आधी नारिंगी करेक्टर, त्यावर कन्सीलर.

नुसता डाग असेल तर काळजी नाही. पण कातडी पांढरीफटक पडली, जाळीसारखी जांभळट नक्षी उमटली, दुखणं वाढत गेलं किंवा नजर अंधुक झाली, तर फिलरनं रक्तवाहिनी अडली असण्याची शक्यता असते. बोटानं दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत रंग परतला नाही, तरी तोच संशय. अशा वेळी बर्फ अजिबात नको. डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करून निघा, सकाळच्या एसटीची वाट बघू नका. फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं बरं. नजरेची तक्रार असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा. हे इंजेक्शन पार्लरमध्ये ठेवलेलं नसतं, म्हणून फिलर पार्लरमध्ये घेऊच नये.

पुढच्या वेळी कार्याच्या किमान तीन आठवडे आधीची तारीख घ्या. त्याआधी आठवडाभर फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि आयब्युप्रोफेन-ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. हृदयासाठी लिहून दिलेलं ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. डोळ्याखाली बोथट टोकाच्या कॅन्युलानं (बारीक नळीनं) देता का, तेही विचारा. तिनं डाग कमी पडतात.