लघुपटासाठी गावातली मुले निवडताना

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील चार मित्र २० मिनिटांचा मराठी लघुपट करीत आहोत. खर्च ४० हजार रुपयांच्या आत बसवायचा आहे. कथेत १६ वर्षांची मुलगी, तिचा १३ वर्षांचा भाऊ आणि त्याचा १५ वर्षांचा मित्र अशा भूमिका आहेत. शाळेने पाठवलेल्या मुलांची चाचणी घेतली, पण सगळीच पाठ केल्यासारखी बोलतात. योग्य मुले कुठे आणि कशी शोधावीत?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : कलाकार पाठवा असे सांगितले की शाळा साहजिकच वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुले पाठवते. ती मुले गुणी असतात, परंतु सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची त्यांची सवय हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यासमोर आड येते. त्यापेक्षा आपणच मुले जमतात तिथे जावे. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत सजीव देखाव्यांत उभी राहणारी मुले, दिवाळीत अंगणात किल्ला बांधणारी टोळी, संध्याकाळी मैदानावर भांडत खेळणारी पोरे यांच्याजवळ दोन-तीन दिवस नुसते बसावे. मोबाईल खिशातच राहू द्यावा.

चाचणीत संवादाचा कागद देऊ नये, हातांना काम द्यावे. माझ्या एका लघुपटाच्या वेळी एक मुलगा दिलेली वाक्ये अगदी पुस्तकी मराठीत म्हणत होता. मी कागद काढून घेतला, सायकलची उतरलेली चेन बसवायला दिली आणि ‘उशीर होणार आहे, हे आजीला फोनवर सांग, पण खरे कारण सांगू नकोस,’ एवढेच सुचवले. ग्रीसने काळी झालेली बोटे चड्डीला पुसत, मान खांद्याला लावून तो म्हणाला, ‘आज्जी, मी आता निघूलालोय, तू जेव.’ खोटे बोलताना त्याने चेनवरून नजर उचलली नाही. तिथेच माझी निवड झाली.

हे ‘निघूलालोय’ (म्हणजे ‘निघतोय’) कृपया सुधारू नका. आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी घरची मराठी असते, कन्नड शब्द त्यांच्या बोलण्यात सहज मिसळतात, आणि प्रमाण भाषेचा आग्रह धरला की त्यांचे अर्धे लक्ष व्याकरणात अडकते. प्रसंग समजावून सांगावा, वाक्य त्यांचे त्यांना सापडू द्यावे.

१३ वर्षांच्या मुलाबाबत दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. या वयात आवाज फुटतो, उंचीही झपाट्याने वाढते, त्यामुळे चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी सहा महिने रेंगाळले तर पडद्यावर दोन वेगळी मुले दिसतील. सुट्टीतले सलग दिवस पकडावेत. दुसरी गोष्ट कायद्याची. १४ वर्षांखालील मुलांना कलाकार म्हणून घेण्यास १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर सशर्त मुभा आहे. २०१७ च्या नियमांनुसार चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि मुलाच्या मानधनापैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. चित्रपट लहान आहे म्हणून हे टाळू नये. उरलेल्या दोघांनाही हीच वेळमर्यादा लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानधन थोडे असले तरी तिघांना सारखे द्यावे. पालकांचे संमतिपत्र त्यांना वाचता येईल त्या भाषेत असावे आणि त्यांच्या घरी बसून वाचून दाखवावे. मुलीसोबत आई, मावशी किंवा आपल्या चमूतील एखादी स्त्री पूर्ण वेळ हवी. दिवस मावळण्याआधी तिन्ही मुले घरी पोहोचावीत. दहावीचे वर्ष असेल तर मार्च-एप्रिलची परीक्षा होईपर्यंत विषयच काढू नये. पावसाळाही टाळावा, कारण खानापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की एकही संवाद ध्वनिमुद्रित होत नाही. दसऱ्याची सुट्टी सर्वांत सोयीची.

शेवटची निवड झाली की न निवडलेल्या मुलांना स्वतः भेटून सांगावे. गावात ही बातमी आपल्या आधी पोहोचते, आणि १४ वर्षांच्या मुलाला ती मित्राच्या चिडवण्यातून कळली तर तो पुढे कधीच कुणासमोर उभा राहणार नाही. भूमिका का जुळली नाही, ते एका वाक्यात खरे सांगावे. इच्छा असेल तर त्याला क्लॅप, म्हणजे प्रत्येक दृश्याआधी कॅमेऱ्यासमोर वाजवायची पाटी, धरायला बोलवावे.